कॅथलिक हायस्कुलातलं समावेशक शिक्षण

डाउन सिंड्रोम, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी असं विकासात्मक अपंगत्व असलेल्या मुलामुलींना चर्चच्या किंवा एखाद्या धर्मसंघाच्या नेहमीच्याच माध्यमिक शाळेत, बाकीच्या पोरांच्याच वर्गात शिकवणं म्हणजे कॅथलिक हायस्कुलातलं समावेशक शिक्षण. नुसती ॲडमिशन देऊन मागच्या बाकावर बसवलं तर ते यात मोजत नाहीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातली व्याख्यापण तेच सांगते, की अपंगत्व असलेली आणि नसलेली मुलं सोबत शिकतील आणि शिकवायची पद्धत त्या मुलाच्या गरजेप्रमाणे बदलली जाईल. हा दुसरा भाग सोयीस्करपणे विसरला जातो. प्रायमरीत निभावून जातं, तिथे गाणी असतात, चित्रं असतात, निकालाचं टेन्शन नसतं. खरी गोची आठवीनंतर सुरू होते, म्हणून ही नोंद हायस्कूलपुरतीच.

कुठून आलं हे

नागपूरच्या कॅथेड्रलला आणि इथल्या सदर भागातल्या एसएफएस शाळेला ज्यांचं नाव आहे ते सेंट फ्रान्सिस डी सेल्स (१५६७–१६२२) कॅथलिक परंपरेत बहिऱ्या लोकांचे आश्रयदाते संत मानले जातात. कारण असं की १६०५ मध्ये त्यांना मार्टिन नावाचा एक जन्मतः बहिरा तरुण भेटला, त्या काळी अशांना धर्मशिक्षण देता येतच नाही असा समज, आणि यांनी खुणा करून करून त्याला शिकवलं आणि कम्युनियनपर्यंत, म्हणजे चर्चमधल्या पवित्र प्रसादापर्यंत, आणलं. शाळांमध्ये या संताचा सण २४ जानेवारीला साजरा होतो पण ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही, सांगायला पाहिजे खरं म्हणजे.

आजच्या अर्थाने ही पद्धत जास्त करून अमेरिकेत वाढली. तिथे १९७५ च्या कायद्याने सरकारी शाळांवर अशा मुलांना शिकवायची सक्ती आली, पण पालकांनी स्वतःहून खाजगी शाळेत घातलेल्या मुलाला तो पूर्ण हक्क मिळत नाही, आणि धार्मिक संस्थांना अपंगत्वविषयक भेदभावाच्या कायद्यातूनही बरीच सूट आहे. म्हणजे कॅथलिक शाळेने नाही म्हटलं तर कोर्टात जाऊन फार काही हाती लागत नाही. १९७८ मध्ये तिथल्या बिशपांनी अपंग व्यक्तींना चर्चच्या जीवनात पूर्ण जागा द्या असं निवेदन काढलं, पण शाळांची दारं उघडली ती पालकांच्या रेट्याने. कॅन्सस सिटीत १९९६ मध्ये पालकांनी फायर फाउंडेशन काढलं, आपली लेकरं आपल्याच पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) शाळेत भावंडांसोबत शिकावी म्हणून पैसा गोळा करायला. हायस्कूलच्या बाबतीत व्हर्जिनियातल्या पॉल सहावे कॅथलिक हायस्कूलच्या 'ऑप्शन्स' प्रोग्रामचं नाव घेतात, तो १९९८ चा. त्यात वर्गातलीच मुलं पीअर मेंटर होतात, तासाला सोबत बसतात, कॅन्टीनमध्ये सोबत जेवतात. पूर्ण अभ्यासक्रम न झेपणाऱ्यांना नेहमीच्या डिप्लोमाऐवजी वेगळं सर्टिफिकेट द्यायची सोय तिकडच्या अशा प्रोग्राममध्ये असते.

नागपुरात

इथे धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतला भाग, १८८७ चा, महाधर्मप्रांत झाला १९५३ मध्ये, आणि एसएफएस शाळा त्याच्याही आधीची, १८७० ची. बिशप कॉटन शाळेला लोक यातच धरतात पण ती अँग्लिकन परंपरेतली, कॅथलिक नाही. या कॉन्व्हेंटांमध्ये बहुतेक पोट्टे हिंदू, बौद्ध, मुस्लिम घरातलेच असतात, ख्रिश्चन थोडे, त्यामुळे इथे समावेशाचा प्रश्न पॅरिशच्या कुटुंबापुरता राहत नाही, तो जरीपटका, मानेवाडा अशा वस्त्यांमधल्या बाकीच्या पालकांचापण असतो. धर्मशिक्षणाच्या तासाला ख्रिश्चन मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या शिकवणीला, जातात आणि बाकीची मॉरल सायन्सला, आणि गंमत म्हणजे ज्याला गणित अजिबात जमत नाही तो या तासाला बऱ्याचदा सगळ्यात खुश असतो, कारण लिहायचं कमी आणि बोलायचं, गायचं जास्त.

दुसरीकडे शहरात स्पेशल शाळांची जुनी परंपरा आहे, शंकरनगरचं मूकबधिर विद्यालय सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मुलाचं निदान झालं की नातेवाईक आणि शेजारी आधी तिकडचाच रस्ता दाखवतात. ते चूक आहे असं नाही, ज्याला खूप जास्त मदत लागते त्याला तिथे बरं पडू शकतं, पण कॉन्व्हेंटवाले जेव्हा 'तुमच्या मुलासाठीच सांगतो, स्पेशलमध्ये टाका' म्हणतात तेव्हा त्यात मुलाची काळजी किती आणि शाळेच्या रिझल्टची किती, हे पालकाला बरोबर समजतं.

कायद्याचा घोळ

यात लोक फार गोंधळतात. सुप्रीम कोर्टाने ६ मे २०१४ ला प्रमती खटल्यात सांगितलं की अल्पसंख्याक शाळांना (कॅथलिक शाळा यातच येतात), मग त्या अनुदानित असो की विनाअनुदानित, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा लागू नाही. म्हणून २५ टक्के राखीव जागा कॅथलिक शाळेत मागता येत नाहीत. पण त्यावरून 'आम्हाला कुठलाच कायदा लागू नाही' असं जे ऑफिसमध्ये ऐकवलं जातं ते खरं नाही. दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ सरकारी मदत किंवा मान्यता असलेल्या सगळ्याच शिक्षणसंस्थांबद्दल बोलतं, भेदभाव न करता प्रवेश द्या, इमारत वापरता येण्यासारखी करा, वाजवी सोयी द्या, आणि त्यात अल्पसंख्याक शाळा वगळलेल्या नाहीत. भाषा थोडी मवाळ आहे हे मान्य, सरकारने तसा 'प्रयत्न करावा' अशी आहे, आणि पळवाट तिथूनच निघते. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलं की ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क कलम ३१ मध्ये आहे, तो जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या स्पेशल शाळेत. त्यासाठी अपंगत्वाचं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) लागतं, त्याची तपासणी नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी हॉस्पिटलांत होते, आणि ते जेवढं लवकर काढाल तेवढं पुढे बोर्डाच्या वेळी धावपळ कमी.

वर्गात काय होतं

समजा दहावीचा बीजगणिताचा तास आहे, अर्थनियोजनाचा धडा, सगळे जीएसटी काढून राहिले. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीला तेच गणित देऊन रडवायचं नाही आणि तिला कोपऱ्यात बसवून चित्र रंगवायलाही द्यायचं नाही. तिच्या हातात खरं किराणा दुकानाचं बिल द्यायचं, एकूण रक्कम कुठे लिहिली ते शोध, जीएसटी हा शब्द कुठे आहे त्याला गोल कर, आता ३४० रुपये द्यायचे तर शंभराच्या किती नोटा काढशील. चौथी नोट द्यायची का यावर ती अडते आणि बाजूची मैत्रीण 'अगं दे ना, वरचे परत मिळतात' म्हणते. विषय तोच, तास तोच, गाठायची पायरी फक्त वेगळी. हे सगळं आधी लिहून ठेवतात, त्याला आयईपी (त्या एका मुलापुरती शिक्षणाची योजना) म्हणतात, त्यात वर्षभराची दोनचार मोजता येतील अशी उद्दिष्टं असतात आणि पालकांना सोबत बसवून ती ठरवायची असतात.

शॅडो टीचरचा, म्हणजे एका मुलासाठी वर्गात सोबत बसणाऱ्या मदतनिसाचा, विषय जरा नाजूक. पालक स्वतःच्या खिशातून पैसे देऊन माणूस ठेवतात, ती ताई दिवसभर मुलाला चिकटून बसते, आणि मग वर्गातलं कोणीच त्याच्याशी बोलत नाही, सर-मॅडमसुद्धा 'ताई, त्याला सांगा' म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ताईने दोन बाक मागे बसावं आणि लागलं तरच उठावं. हायस्कुलात तर हे जास्तच पाळायला पाहिजे, पंधरा वर्षांच्या पोराला सोबत मोठं माणूस घेऊन फिरायची लाज वाटते, अपंगत्व असो की नसो. असेंब्लीचापण विचार करावा लागतो, माईकची शिट्टी, बँड, हजार पोरांची एका सुरात प्रेयर, ऑटिझम असलेल्या काहींना हे सहन होत नाही, तेव्हा रांगेच्या टोकाला उभं करणं किंवा कानाला हेडफोन लावू देणं एवढं साधं असतं, त्याला शिस्तभंग समजायचं काही कारण नाही.

बोर्ड आणि नववी

नववी ही खरी अडचणीची जागा. 'दहावीचा निकाल शंभर टक्के' हे बॅनर गेटवर लावायचं असतं, म्हणून नववीत मूल नापास दाखवून किंवा पालकांना समजावून टीसी हातात देणं असे प्रकार होतात, फक्त कॅथलिक नाही, सगळ्याच शाळांमध्ये. सवलती मात्र आहेत: लेखनिक मिळतो, तासाला २० मिनिटं जास्त वेळ मिळतो, भाषा विषयात सूट मिळू शकते. तरीही झेपत नसेल तर एनआयओएस हे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं बोर्ड आहे, पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत जायचं. शाळेने ठरवलं तर मूल बसेल त्याच वर्गात आणि परीक्षा देईल एनआयओएसची, म्हणजे मित्रपण सुटत नाहीत, पण पटावरची नोंद कशी ठेवायची यावर गाडी अडते.

शिक्षकांचा प्रश्न तर आहेच. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवून दिलं, प्राथमिकला दहा मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरामागे एक, तोही आरसीआयची (भारतीय पुनर्वसन परिषदेची) नोंदणी असलेला. बहुतेक हायस्कुलांमध्ये असा शिक्षक सापडत नाही, असला तर समुपदेशकच दोन्ही कामं ओढतो. काही ठिकाणी एखादी सिस्टर स्पेशल एज्युकेशनचा कोर्स करून येते आणि तिची दुसऱ्या शहरात बदली झाली की सगळं पुन्हा शून्यावर, धर्मसंघाच्या शाळांची ही खास अडचण.

१८ नंतर

मूल सज्ञान झालं की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक (गार्डियन) राहत नाहीत. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हा पातळीवरची स्थानिक समिती असा कायदेशीर पालक नेमते, तिचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, म्हणून नागपूरकरांना सिव्हिल लाइन्सच्या कलेक्टर ऑफिसची चक्कर आहेच. याच ट्रस्टची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि ती काढायला १८ पूर्ण व्हायची गरज नाही.