पाय दोघांचाही हलतो

रविवारी ताई सांगलीतल्याच विश्रामबागेतून जेवायला आली की आमच्या टेबलाखाली दोन पाय हलत असतात, एक तिचा आणि एक माझा. आई आम्हा दोघांना लहानपणापासून एकाच वाक्यात झापते, "पाय हलवू नका रे, अवलक्षण आहे ते." ताईला तीन वर्षांपूर्वी चिंतेचा विकार असल्याचं निदान झालं. मला त्यानंतर वर्षभराने, एकेचाळिसाव्या वर्षी, एडीएचडी असल्याचं कळलं, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि चुळबूळ थांबत नाही असा विकार. त्याआधी एका डॉक्टरांनी मलाही 'चिंता' म्हणून सहा महिने गोळ्या दिल्या होत्या. झोप जरा सुधारली, पण टेबलावरचा फायलींचा ढीग होता तिथंच राहिला.

डॉक्टरांचाही गोंधळ व्हावा अशीच चिंता आणि एडीएचडी ही जोडी आहे. मानसोपचारात डीएसएम-5 (2013) ही निदानपुस्तिका वापरतात. तिच्यात सततच्या चिंतेची सहा लक्षणं आहेत: अस्वस्थता, लवकर येणारा थकवा, लक्ष न लागणं, चिडचिड, अंग ताठरणं आणि झोपेची तक्रार. एडीएचडी असलेल्या मोठ्या माणसाला विचारलं तर यातल्या निम्म्यांना तरी तो मान डोलावेल. मोठ्यांमधली अतिचंचलता नुसती आतल्या अस्वस्थतेपुरती उरू शकते, असंही तीच पुस्तिका सांगते. शाळेत बाकावरून उठून पळणारा मुलगा मोठेपणी मीटिंगमध्ये शहाण्यासारखा बसलेला असतो, पळापळ सगळी आत चालू असते.

मोठ्यांमधल्या एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची 18 प्रश्नांची एक चाचणी आहे. पहिल्या सहांपैकी चार जुळले तर पुढची तपासणी करावी, असा तिचा साधा नियम. अंगात मोटर बसवल्यासारखं वाटतं का, असा त्यात एक प्रश्न आहे. माझे सहा जुळले. गंमत म्हणून ताईने भरली, तर तिचेही चार! म्हणून मोबाईलवर चाचणी भरून स्वतःला लेबल लावणाऱ्यांची मला जरा धास्तीच वाटते.

फरक समजावायला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलासारखं साधन नाही. जुलै-ऑगस्टमध्ये अख्खं गाव त्या पुलाजवळची पातळी बघत जगतं. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका. कोयनेतून किती क्युसेक सोडलं, कराडला पाणी किती चढलं, इकडे यायला किती तास लागतील, याच गप्पा. ताईचं मन हे बारा महिने करतं. मार्चमध्ये पात्रात खडक दिसत असतात, तरी तिच्या डोक्यात पाणी 39 फुटांवर उभं असतं. तिच्या अस्वस्थतेला दर वेळी विषय असतो. भाच्याची परीक्षा, भावजींची शुगर, कुणीतरी न उचललेला फोन. वाक्य ठरलेलं, "आणि समजा…"

माझ्या चुळबुळीला असा विषयच सापडत नाही. मी कर सल्लागाराचं काम करतो. सकाळी अकरा वाजता एका दुकानदाराचं रिटर्न भरायला पोर्टल उघडतो. ओटीपी येतो, तो बघायला फोन हातात घेतो आणि दहा मिनिटांनी हळदीचा आजचा भाव वाचत असतो. मी हळद पिकवत नाही, विकतही नाही. ओटीपीची मुदत केव्हाच संपलेली. मग पाणी प्यायला उठतो, उठलोच आहे तर चहा सांगतो. छातीत धडधड नसते, भीतीही नसते. पोळपाटाखाली खडा आल्यावर तो जसा डुगडुगत राहतो, तसं काहीतरी आत चालू असतं.

आता उलटी बाजू बघा. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विनजवळची पातळी 57 फुटांच्या पुढे गेली. आमचं घर गावभागात. त्या दोन दिवसांत माझं डोकं होतं तितकं स्वच्छ ना आधी कधी होतं, ना नंतर झालं. आधी आईची औषधं, मग घराचे कागद, सिलिंडर वरच्या मजल्यावर, शेजारच्या आजोबांना कुठून काढायचं, सगळं ओळीने सुचत गेलं. पाय हलल्याचं आठवत नाही. ताई विश्रामबागेत कोरड्या घरात बसून चार रात्री डोळ्याला डोळा न लावता. पाणी ओसरलं तशी ती झोपली. आणि मी? पंचनाम्यासाठी कागद जोडून द्यायचे होते, ते मला तीन आठवडे जमेनात. शेवटी बायकोने एका दुपारी उरकले.

संकटात डोकं शांत राहणारा प्रत्येक जण एडीएचडीवाला नसतो, हे कबूल. पण ताईच्या चुळबुळीला धोका खतपाणी घालतो आणि माझ्या चुळबुळीला कंटाळा, हे मला त्या पुराने शिकवलं. लक्ष लावणं आणि टिकवणं ज्या मेंदूच्या जोडण्यांवर चालतं, त्यात डोपामाइन आणि नॉरॲड्रेनलिन या रसायनांचा मोठा वाटा आहे. निकड किंवा नवलाई समोर आली की माझं गाडं चालतं. नुसतं 'करायला हवं' एवढ्यावर ते हलत नाही.

दुसरी खूण वयाची. मिरजेच्या डॉक्टरांनी मला पहिल्यांदा काय आणायला सांगितलं असेल, तर शाळेची प्रगतिपुस्तकं. एडीएचडीची काही लक्षणं वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. डीएसएमच्या जुन्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. शिवाय ती एकाहून जास्त ठिकाणी दिसावी लागतात, नुसती ऑफिसात किंवा नुसती घरी दिसून चालत नाही. आईने ट्रंकेतून तीन वर्षांची पुस्तकं काढली. तिन्हींवर तोच शेरा, 'हुशार आहे, पण लक्ष नाही.' ताईच्या वह्या कव्हरासकट नीटनेटक्या. तिचा घोर सुरू झाला तो भाचा तान्हा असताना तापाने फणफणला तेव्हापासून. चिंता कुठल्याही वयात दारात येऊ शकते.

हे मोबाईलमुळे आलेलं नवं खूळ आहे, असं मामा म्हणतात. अलेक्झांडर क्रिक्टन या स्कॉटिश डॉक्टरने 1798 मध्येच अशा भिरभिरत्या लक्षाचं आणि आतल्या चुळबुळीचं वर्णन लिहून ठेवलंय. मामांना सांगून उपयोग नाही, ते सोडा.

खरी पंचाईत एकाच माणसात दोन्ही असतात तेव्हा होते, आणि तसं पुष्कळदा असतं. मी झोपण्याआधी गॅस तीनदा बघतो. ही चिंता म्हणायची का? दुधाची दोन पातेली मी खरोखरच कोळसा करून ठेवलीत, मग ती खबरदारीच झाली. पण जीएसटीच्या रिटर्नची 20 तारीख घ्या. उशीर झाला की दिवसाला 50 रुपये दंड आणि वर पक्षकाराची बोलणी. 19च्या रात्री मी दगडासारखा स्थिर बसतो आणि महिन्याचं काम उपसतो. कित्येक वर्षं मी असा घोर मुद्दाम लावून घेऊन कामं केली. होता होता तो 5 तारखेलाही जाईना. त्या पहिल्या डॉक्टरांना दिसली ती ही वरची साय होती. खालचं दूध बघायला त्यांना वेळ मिळाला नसावा.

औषधंही वेगळी. ताईला समुपदेशन आणि मंद चालणारी गोळी, जिचा गुण यायला काही आठवडे लागले. मला मिथाइलफेनिडेट, जे त्याच दिवशी काम दाखवतं. ते 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतं, त्यामुळे चिठ्ठीशिवाय मागू नये. त्याने नाडी वाढते, काहींची धाकधूकही वाढते. भावाची गोळी बहिणीने चाखून बघायची ही गोष्ट नव्हे. आणि दोघांनाही आधी थायरॉइड तपासायला लावलं होतं, कारण ते वाढलं तरी माणूस असाच सैरभैर होतो. डॉक्टर गाठणं जमत नसेल तर 14416 या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या नंबरावर निदान बोलायला तरी माणूस मिळतो.

परवाच्या रविवारी भाचा पुण्याहून एसटीने निघाला होता. जेवणं झाली तरी टेबलाखाली दोन्ही पाय चालूच. आईने काही न बोलता माझ्यापुढे सुपात पावट्याच्या शेंगा ठेवल्या. मी सोलायला लागलो आणि माझा पाय थांबला. ताईचा हलतच होता. साडेनऊला भाच्याचा फोन आला, कराड सोडलं म्हणून. तिचा पाय थांबला. तेवढ्यात शेंगा संपल्या.