उन्हाचा घाव, उजेडाचा इलाज

मे महिन्यात बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या गच्चीवर कुरडया राखत बसलं की मान भाजते, ते कळतं. कातडीच्या पेशींत काय होतं, ते दिसत नाही. अतिनील किरणांनी डीएनएमधले शेजारचे दोन थायमिन (डीएनएच्या चार अक्षरांपैकी एक) एकमेकांना चिकटतात आणि डीएनएची नक्कल तिथे अडखळते.

हा सांधा सोडवणाऱ्या विकराची (एन्झाइमची) गोष्ट एका खिडकीपासून सुरू होते. अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला अल्बर्ट केल्नर मातीतल्या जिवाणूंच्या बीजाणूंवर अतिनील किरण सोडत होते. कधी ढिगाने बीजाणू जगायचे, कधी जवळजवळ एकही नाही. संशय आधी तापमानावर गेला. बीजाणूंना वाचवणारा निघाला मात्र खिडकीतून बाटल्यांवर पडणारा साधा उजेड! हे १९४९ साली छापून आलं. हे काम फोटोलायेज या विकराचं, हे १९५० च्या दशकात क्लॉड रूपर्ट यांनी दाखवलं.

पण त्याचं रूप दिसेना. ते क्ष-किरणांनी पाहायचं तर आधी त्याचा स्फटिक लागतो. ई. कोलाय या जिवाणूच्या एका पेशीत याचे जेमतेम दहा-वीस रेणू, स्फटिक करणार कशाचे? रूपर्ट यांचे विद्यार्थी अझीझ सँकार यांनी जनुकच वेगळं काढलं, तेव्हा हवा तेवढा माल मिळू लागला. १९९५ मध्ये सँकार आणि योहान डायझेनहोफर यांच्या चमूने क्ष-किरणांनी रचना उलगडली. (स्फटिकातून रेणूचं काम वाचायची ही विद्या बडोद्याला परकी नाही. रायबोझोमच्या (पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) रचनेसाठी २००९ चं नोबेल मिळवणारे व्यंकी रामकृष्णन १९७१ चे आपल्या सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर.)

विकराच्या एका अंगाला धनभाराची खाच होती, ऋणभारित डीएनए टेकायला. मधोमध खड्डा, चिकटलेली जोडी मावेल एवढाच. तळाशी एफएडी, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वापासून बनलेला रेणू. दुसरं एक रंगद्रव्य उजेड पकडून त्याच्याकडे पोचवतं. एफएडी जोडीला एक इलेक्ट्रॉन उसना देतो, सांधा सुटतो, इलेक्ट्रॉन परत येतो. म्हणजे जोडी साखळीतून बाहेर वळून खड्ड्यात उतरत असणार. २००४ मध्ये डीएनएसकट स्फटिक पाहिला, तर थायमिन तसेच वळलेले होते. पाहण्यासाठी टाकलेल्या क्ष-किरणांनीच सांधाही सुटला होता.

गच्चीवरच्या तुळशीकडे हे विकर आहे. राखणाऱ्याकडे नाही, कुरडयांवर टपलेल्या खारीकडेही नाही. आपल्या पेशी खराब तुकडाच कापून काढतात आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावरून नवा भरतात. ही कापाकापीही सँकार यांनीच तपशिलात मांडली. २०१५ च्या नोबेलमधला त्यांचा वाटा मुख्यतः तिचाच.