पार्श्वभूमी: 'व्हर्जन' कॅसेट आणि ऐंशीच्या गाण्यांचे संच

'ऐंशीची गाणी' या नावाने आज जे संच वाजतात, त्यांत दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली आहे. काही गाणी त्या दशकात तयार झाली. काही आधीची, पण त्या दशकात कॅसेटवर आली म्हणून घराघरांत पोचली. १९८० च्या एका हिंदी चित्रपटात एका शाळकरी मुलीने गायलेलं, लंडनमध्ये ध्वनिमुद्रित झालेलं डिस्को गाणं पहिल्या प्रकारात येतं. पण त्या काळात भरभरून विकल्या गेलेल्या कॅसेट पाहिल्या तर त्यांत पन्नास-साठच्या दशकांतली गाणी, भजनं, गझला, कोळीगीतं, भीमगीतं आणि गणपतीच्या आरत्या यांचाच भरणा दिसतो. म्हणून ऐंशीच्या गाण्यांचा वारसा डिस्कोपुरता समजू नये. गाणी निवडून एका जागी आणण्याची सवय हा त्याचा मोठा भाग आहे आणि ती सवय कॅसेटने लावली. 'व्हर्जन' कॅसेट, म्हणजे जुनी गाणी दुसऱ्या गायकांकडून नव्याने गाऊन घेतलेली कॅसेट, हीही त्यातलीच.

तबकडीच्या काळाबद्दल इथे फार सांगण्याची गरज नाही. कारखाने मोजके होते, बाजार जवळपास एकाच कंपनीच्या हातात होता आणि कुठली जुनी गाणी पुन्हा काढायची हे तीच ठरवायची. कॅसेट १९६३ साली युरोपात आली. आपल्याकडे मात्र ती सत्तरच्या दशकाच्या शेवटी पसरू लागली. आखातात कामाला गेलेली माणसं परतताना टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकत्र असलेलं यंत्र, घेऊन यायची. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी गावांत पहिला टेपरेकॉर्डर असाच पोचला. पुढे आयातीचे नियम सैल झाले, कोरी टेप इथेच मिळू लागली आणि एका खोलीत चार यंत्रं मांडूनही कॅसेट काढता येऊ लागल्या.

त्याच सुमाराला कॅसेट भरून देणारी दुकानं निघाली. वहीच्या पानावर गाण्यांची यादी लिहून द्यायची आणि सोबत साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची. सव्वातीन मिनिटांची नऊ गाणी नीट बसायची आणि दहाव्याचा अंतरा मध्येच तुटायचा. जाणता दुकानदार यादी बघूनच सांगायचा, की हे लांब गाणं दुसऱ्या बाजूला घेऊ या. संच कसा लावायचा याची जाण ऐंशीच्या दशकाने सामान्य माणसाला दिली, ती या काउंटरवर. कायद्याच्या दृष्टीने ही चोरीच होती. कॉपीराइट कायद्यातल्या १९८४ च्या दुरुस्तीने बेकायदा प्रती काढण्याची शिक्षा वाढवून कमीत कमी सहा महिने आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद अशी केली, दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत नेला आणि कॅसेटवर निर्मात्याचा तपशील छापणं सक्तीचं केलं.

खरा गुंता मात्र चोरीच्या कॅसेटचा नव्हता. तो कायदेशीर कॅसेटचा होता आणि 'व्हर्जन' या एका शब्दात अडकलेला होता.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम ५२ मध्ये एक छोटं पोटकलम होतं. एखाद्या गाण्याची रेकॉर्ड परवानगीने एकदा निघाली असेल, तर दुसऱ्या कुणालाही ते गाणं नव्याने ध्वनिमुद्रित करून विकता येईल. त्याने आधी सूचना द्यायची आणि ठरलेली रॉयल्टी भरायची. मूळ ध्वनिमुद्रण वापरायचं नाही. शब्द आणि चाल तीच, पण गायक, वादक आणि स्टुडिओ आपला. ऐंशीच्या दशकात नव्या कंपन्यांनी हेच हत्यार उचललं. जुनी लोकप्रिय गाणी नव्या आवाजात गाऊन घेतली आणि त्यांचे संच स्वस्तात विकले. त्यांना व्यापारात 'व्हर्जन' म्हणू लागले.

हा शब्दच फसवा. मूळ गाण्याचं दुसऱ्याने केलेलं गायन म्हणजे व्हर्जन. मूळ ध्वनिमुद्रणावर वरून ढोलकी-ऑक्टोपॅडचा ठेका चढवला की 'झंकार'. तुकडे पाडून नव्याने जुळवलं की 'रीमिक्स'. दुकानात मात्र तिन्ही शेजारी मांडलेली असायची आणि 'ओरिजनल आहे का?' या प्रश्नाला विकणारा ठामपणे 'हो' म्हणायचा, कारण त्याच्या लेखी ओरिजनल म्हणजे चोरीची नसलेली. गिऱ्हाईक विचारत असायचं आवाजाबद्दल.

अशी एक कॅसेट आत्ता माझ्यासमोर आहे. पुढच्या बाजूला नट-नटीचं चित्र आणि खाली चित्रपटाचं नाव ठसठशीत. आतला घडीचा कागद उघडला की गाण्यांचे मुखडे, गीतकार आणि संगीतकार मूळचेच. गायकांच्या रकान्यात मात्र त्या चित्रपटाशी कधीच संबंध न आलेली दोन नावं. 'व्हर्जन रेकॉर्डिंग' हे शब्द कडेला उभ्या ओळीत, इतके बारीक की उजेडाकडे धरून वाचावे लागतात. गाणं लावलं तर जिथे सतारीचा तुकडा यायला हवा तिथे कीबोर्ड आणि चार व्हायोलिनच्या जागी एक. पण गायिका तयारीची आहे. दुसऱ्या अंतऱ्यात तिने घेतलेली जागा, म्हणजे सुरांची छोटी नक्षी, तिची स्वतःची आहे आणि ती सुंदर आहे.

कलम ५२ मधल्या या तरतुदीवर मूळ गायक, संगीतकार आणि जुन्या कंपन्या संतापल्या. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं: वर्षानुवर्षांच्या मेहनतीचं श्रेय आणि पैसा दुसरीकडे जात होता. तरीही माझ्या मते दोष पोटकलमाचा नव्हता, कव्हरवरच्या छपाईचा होता. जुनी गाणी एका कंपनीच्या गोदामात पडून होती, ती या वाटेने खेडोपाडी गेली आणि चित्रपटात ज्यांना कुणी उभं केलं नसतं अशा आवाजांना काम मिळालं. फसवणूक होत होती ती नट-नटीचं चित्र मोठं आणि गायकाचं नाव बारीक छापण्यात.

कायद्यालाही हे उशिरा का होईना दिसलं. १९९४ च्या दुरुस्तीने मूळ ध्वनिमुद्रणानंतर दोन वर्षं थांबण्याची अट आली आणि गोंधळ होईल अशा वेष्टनाला मनाई झाली. १९९५ मध्ये एका गाजलेल्या चित्रपटाच्या गाण्यांवरून वाद उच्च न्यायालयात गेला, तेव्हाही भर वेष्टनावरच होता: हे मूळ ध्वनिमुद्रण नाही, गायक वेगळे आहेत, असं ठळक छापा. २००२-०३ च्या सुमाराला रीमिक्सची लाट आली आणि जुन्या संतापाला नवं निमित्त मिळालं. २०१२ मध्ये ते पोटकलम काढून नवी तरतूद आली. थांबण्याची मुदत पाच वर्षं, दर वर्षी किमान ५० हजार प्रतींची रॉयल्टी भरायची, मूळ गायकाचं नाव किंवा चित्र कव्हरवर नको आणि 'कव्हर व्हर्जन' असं स्पष्ट लिहायचं. शेवटच्या दोन अटी कधीच यायला हव्या होत्या. ५० हजार प्रतींच्या अटीने मात्र छोट्या निर्मात्याचं दार बंद झालं. जिल्ह्याच्या ठिकाणी शे-पाचशे प्रती काढणाऱ्याला ही रक्कम परवडणारी नाही.

ब्रिटनमध्ये हीच ओढाताण आधी झाली होती. तिथे गाजत्या गाण्यांची अनामिक गायकांनी केलेली स्वस्त नक्कल १९७१ मध्ये अल्बमच्या अधिकृत क्रमवारीत पहिल्या स्थानावर गेली आणि पुढच्याच वर्षी अशा स्वस्त अल्बमना क्रमवारीबाहेर काढलं गेलं. १९८३ अखेर दोन मोठ्या कंपन्यांनी मूळ ध्वनिमुद्रणांचाच ३० गाण्यांचा संच काढला. त्याची मालिका आजही चालू आहे. असे संच क्रमवारीचा माथा अडवून बसू लागले, तेव्हा १९८९ मध्ये त्यांच्यासाठी वेगळी यादी केली गेली.

आपल्याकडे २०१७ साली ५,००० जुनी गाणी भरलेलं, रेडिओसारखं दिसणारं यंत्र आलं आणि वडीलधाऱ्यांना भेट म्हणून धडाक्यात खपलं. त्याची मराठी आवृत्तीही निघाली. त्यात मूळ आवाज आहेत. मात्र ज्या घरांत व्हर्जनच वाजत होतं, तिथल्या मुलांना हे मूळ आवाज आज परके वाटतात. ती आता चाळिशी-पन्नाशीत आहेत आणि इंटरनेटवर आपली जुनी कॅसेट शोधतात, ती त्या दुसऱ्या गायिकेच्या आवाजातली.

ध्वनिमुद्रणावरचा हक्क भारतात प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. १९८५ च्या व्हर्जन कॅसेटवरचा हक्क २०४५ च्या अखेरीपर्यंत तिच्या निर्मात्याकडे राहील. ज्या वर्षी ती गायली गेली, त्या वर्षी आपल्या कायद्यात गायकाला गायक म्हणून स्वतंत्र हक्कच नव्हता. तो १९९४ च्या दुरुस्तीने आला. दुसऱ्या अंतऱ्यातली ती जागा घेणारी गायिका ठरलेली बिदागी घेऊन स्टुडिओतून बाहेर पडली असेल. तिचं नाव त्या घडीच्या कागदावर आहे, गाण्याच्या मुखड्याखाली, दुसऱ्या ओळीत.