कॅलिफोर्नियाच्या जंगलातले गांजाचे चोरमळे: पार्श्वभूमी

कॅलिफोर्नियाच्या राष्ट्रीय वनांत मळलेली वाट सोडून भटकणाऱ्यांना आज अशा चोरमळ्यांबद्दल ज्या सूचना दिल्या जातात, त्या दोन वेगळ्या काळांतून आलेल्या आहेत. आडव्या ताणलेल्या तारेकडे लक्ष ठेवा, कुणी दिसलं तर आल्या वाटेनं गुपचूप मागे फिरा, ही १९८० च्या दशकातली शिकवण. पडलेल्या बाटलीला हात लावू नका, ओढ्याचं पाणी पिऊ नका, कुत्रं मोकळं सोडू नका, ही बरीच अलीकडची. लोकांच्या डोक्यात पहिली पक्की बसली आहे, दुसरी अजून नीट पोचलेली नाही. पण मळ्याचा राखणदार शरदात पीक काढून निघून जातो. त्यानं आणलेलं विष मात्र तिथंच राहतं.

फार मागं जायची गरज नाही. राज्यात गांजावर बंदी १९१३ पासूनची, तरी कित्येक दशकं माल मुख्यतः मेक्सिकोतून येई आणि जंगलाचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. १९७० च्या दशकात मेक्सिकोतल्या पिकावर अमेरिकेच्या मदतीनं पॅराक्वाट या तणनाशकाची फवारणी सुरू झाली. १९७८ च्या सुमारास ग्राहकांनी त्याचा धसका घेतला आणि अमेरिकेतच पिकणाऱ्या मालाला भाव आला. उत्तरेकडच्या हम्बोल्ट, मेंडोसिनो आणि ट्रिनिटी काउंट्यांत शहर सोडून आलेली तरुण मंडळी तोवर स्थिरावली होती. त्यांची झाडं बहुतेक स्वतःच्या जमिनीवर, घरामागं. आडवाटेच्या भटक्याला त्यांचा त्रास क्वचितच व्हायचा.

चित्र बदललं ते १९८३ पासून. त्या वर्षी राज्य आणि केंद्राच्या यंत्रणांनी मिळून हेलिकॉप्टरमधून झाडं शोधून उपटण्याची उन्हाळी मोहीम सुरू केली. पुढच्याच वर्षी केंद्रीय कायद्यानं ज्या जमिनीवर गांजा पिकला ती जमीनच जप्त करण्याची वाट मोकळी केली. शेतकऱ्याच्या दृष्टीनं हिशेब सोपा झाला: स्वतःच्या रानात लावलं तर पीकही जाणार आणि रानही. सरकारी जंगलात लावलं तर फार तर पीक जाईल. १९८५ मध्ये न्यायालयानं या हेलिकॉप्टरांना घरं आणि माणसांपासून ५०० फूट दूर राहायला सांगितलं. १९८६ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं १००० फुटांवरून विमानातून परसातलं पीक पाहायला वॉरंट लागत नाही असं ठरवलं. आकाशातून दिसू नये म्हणून झाडं मोठ्या वृक्षांच्या सावलीत, तीव्र उतारांवर, दाट झुडपांत विखरून लागू लागली. मासे पकडायचे गळ डोळ्यांच्या उंचीवर टांगणं, तारेला काडतूस जोडून ठेवणं हे प्रकार याच काळातले. ते पोलिसांपेक्षा पीक चोरणाऱ्यांसाठी जास्त होते, हे सहसा सांगितलं जात नाही. १९९० च्या उन्हाळ्यात तर हम्बोल्टमधल्या किंग रेंजच्या डोंगरात या कामासाठी थेट लष्कर उतरवलं गेलं. गावकऱ्यांचा त्यावरचा राग पुढं बराच काळ टिकला.

सरकारनंच गांजा जंगलात ढकलला, असं म्हणणं अति होईल. पण प्रत्येक बंदोबस्तानंतर मळे आणखी एक दरी आत सरकले, हे नाकारता येत नाही.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात राज्याच्या पूर्वेकडच्या सिएरा नेव्हाडा पर्वताच्या उतारांवर वेगळ्याच आकाराचे मळे सापडू लागले. हजारो झाडं, मैलभर लांबून आणलेली काळी ठिबकची नळी, ओढा अडवून ताडपत्री अंथरलेला खड्डा, आणि एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत तिथंच तंबू ठोकून राहणारे मजूर. ११ सप्टेंबर २००१ नंतर सीमेवरचा पहारा कडक झाला म्हणून माल इकडे पिकू लागला, हे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. मला ते अर्धवट वाटतं, कारण सुरुवात त्याआधीच झाली होती. १९९६ मध्ये राज्यानं औषधी वापराला मान्यता दिल्यावर बाजार वाढला, ही गोष्टही तितकीच खरी. या मजुरांच्या स्वयंपाकाच्या चुलीनं ऑगस्ट २००९ मध्ये सांता बार्बराच्या मागच्या डोंगरांत वणवा लावला आणि जवळपास ९०,००० एकर रान जळलं. ऑगस्ट २०११ मध्ये फोर्ट ब्रॅगचा एक नगरसेवक मेंडोसिनोच्या खासगी जंगलात चोरमळ्याची खबर तपासायला गेला आणि गोळी लागून मेला. तिथं प्रत्यक्षात अफूची झाडं होती. बातमीत मात्र गांजाच राहिला.

आता सर्वांत वादग्रस्त निर्णय. नोव्हेंबर २०१६ मध्ये मतदारांनी २१ वर्षं आणि त्यावरच्या प्रौढांना गांजा कायदेशीर केला. घरी ६ झाडं चालतात. त्याहून जास्त लावली तर पूर्वी तो गंभीर गुन्हा होता आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत होती. आता तो किरकोळ गुन्हा आहे: जास्तीत जास्त सहा महिने आणि ५०० डॉलर दंड. झाडं १० असोत की १०,०००, राज्याच्या कायद्यात शिक्षा तीच. ग्रामीण भागातले पोलीस अधिकारी तेव्हापासून एकच तक्रार करतात की एवढ्या दंडासाठी डोंगर चढायचा कशाला. समर्थकांचं म्हणणंही हलकं नाही. जुन्या कायद्याखाली तुरुंगात गेले ते बहुतेक मजूर आणि गरीब, पैसा लावणारे नव्हेत.

दोन्ही बाजू एक गोष्ट सोयीनं वगळतात. राष्ट्रीय वन ही केंद्राची जमीन आहे आणि केंद्रीय कायदा बदललेला नाही. १००० किंवा जास्त झाडांना तिथं आजही किमान १० वर्षांची शिक्षा आहे. शिवाय राज्याच्या कायद्यातच पाणी चोरणं आणि विषारी द्रव्यं वापरणं यासाठी गुन्हा पुन्हा गंभीर करण्याची पळवाट, किंवा म्हणा उलटवाट, ठेवली आहे. म्हणजे २०१६ नंतर जंगलातल्या मळ्याचा खटला झाडांपेक्षा त्याच्याभोवती सापडलेल्या रसायनांवर जास्त उभा राहतो.

त्या रसायनांकडे लक्ष गेलं ते एका प्राण्यामुळे. फिशर हा झाडांवर चढणारा, पाणमांजराच्या कुळातला लहान शिकारी. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात कॅलिफोर्नियातल्या ५८ मृत फिशरांपैकी ७९ टक्क्यांच्या शरीरात उंदरांचं विष सापडलं, आणि तेही शेती-वस्तीपासून दूर राहणाऱ्या प्राण्यात. उंदीर कोवळी रोपं आणि नळ्या कुरतडतात म्हणून मळ्याभोवती हे विष पसरलं जातं. त्याहून वाईट कार्बोफ्युरान: अमेरिकेत अन्नपिकांवर २००९ पासून बंद, तरी सीमेपलीकडून आणलेलं. ते कधी शीतपेयाच्या बाटलीत ओतलेलं सापडतं. भटक्यांच्या पाठीवरची पोकळ तंतूंची गाळणी जंतू अडवते, पण पाण्यात विरघळलेलं कीटकनाशक अडवत नाही. म्हणूनच जिथं नळी दिसली, त्याच्या खालच्या अंगाचं पाणी भरायचं नाही. फोटो काढत थांबायचं नाही, जागा लक्षात ठेवून बरंच दूर गेल्यावर कळवायचं.

गेल्या काही वर्षांत बेकायदा लागवडीचा मोठा भाग सरकारी जंगलातून खासगी जमिनीवर, उत्तरेकडच्या सिस्कियू काउंटीत आणि मोहावीच्या वाळवंटात, प्लास्टिकच्या बोगद्यांखाली गेला आहे. जानेवारी २०२४ मध्ये एल मिराजजवळच्या वाळवंटात अशाच व्यवहारातून सहा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. १९८३ ची उन्हाळी मोहीम २०२२ मध्ये गुंडाळून तिच्या जागी वर्षभर चालणारं कृतिदल आणलं गेलं, ते बरंचसं या बदलामुळे. दरम्यान जुन्या मळ्यांची सफाई मागे पडत गेली. झाडं उपटली जातात, नळ्या आणि डबे बरेचदा तिथंच राहतात, आणि रिकाम्या दिसणाऱ्या अशा जागेला नकाशावर कुठलीही खूण नसते.