स्केलेटन कोस्टच्या कॅम्पवर जाण्याआधी

नमस्कार मंडळी,

नामिबियातल्या स्केलेटन कोस्टच्या कॅम्पचं बुकिंग तुम्ही केलं आहे किंवा करायचं मनात आहे, म्हणून हे माहितीपत्रक. आम्ही दोघं नवरा-बायको पुण्यातून हे काम बघतो आणि या किनाऱ्यावर आमचा जीव आहे. म्हणूनच सगळ्यात आधी एक विनंती. केनियातल्या मसाई माराच्या सहलीचा (जिथे जनावरांचे कळपच दिसतात) हिशेब घरी ठेवून या. इथे कधी कधी गाडी दोन तास चालते आणि एक जनावर दिसत नाही. मग होआनिब नदीच्या कोरड्या पात्रात एखादी हत्तीण पुढच्या पायाने वाळू उकरताना दिसते. गाईड गाडी बंद करतो. ती खड्ड्यात सोंड घालते, थांबते, पाणी झिरपायची वाट बघते, मग घोटभर पिते आणि पुन्हा थांबते. शेजारी पिल्लू ताटकळत उभं असतं. अर्धा तास गाडीत कोणी बोलत नाही. ज्यांना हा अर्धा तास मोलाचा वाटेल, त्यांनी इथे जरूर जावं. यादीतल्या प्राण्यांवर खुणा करायच्या असतील तर आम्ही तुम्हाला दुसरी सहल सुचवू, मनापासून.

हा किनारा असा का?

होआनिब साधारण १९ अंश दक्षिण अक्षांशावर समुद्राकडे येते. आपली मुंबई १९ अंश उत्तरेला. दोन्ही ठिकाणी पश्चिम किनारा. पण मुंबईत वर्षाला सुमारे २,२०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि इथे जेमतेम १०-२० मिलिमीटर. आपल्याकडे मोसमी वारे उबदार अरबी समुद्रावरून बाष्प भरून आणतात. इथे किनाऱ्याला लागून बेंग्वेला हा थंडगार सागरी प्रवाह दक्षिणेकडून वाहतो. त्याच्यावरची हवा गार होते, वर चढत नाही, ढग धरत नाहीत. धुकं मात्र होतं, आणि ते वाऱ्याबरोबर वाळवंटात आतपर्यंत शिरतं.

इथलं बरंचसं जीवन या धुक्यावर चालतं. पहाटे वाळूच्या टेकडीच्या धारेवर वाकून बघा. करंगळीच्या नखाहून थोडा मोठा एक काळा भुंगा डोकं खाली, पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा असतो. धुक्याचे कण अंगावर जमतात, थेंब होतो, घरंगळत तोंडाशी येतो. त्याचं दिवसाचं पाणी झालं. वेलवित्शिया नावाची वनस्पतीही अशाच कोरड्या मुलखातली. जन्मभर दोनच पानं, वाऱ्याने फाटून चिंध्या झालेली, आणि आयुष्य हजार वर्षांहून अधिक असू शकतं.

उगाब नदीपासून अंगोलाच्या सीमेवरच्या कुनेने नदीपर्यंत सुमारे ५०० किलोमीटरचा हा पट्टा १९७१ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यावर देवमाशांची आणि सीलची हाडं दिसतात, फुटलेल्या जहाजांचे अवशेष दिसतात. नोव्हेंबर १९४२ मध्ये ‘डुनेडिन स्टार’ हे ब्रिटिश जहाज १०६ माणसांसह इथेच अडकलं. जहाजावरचे सगळे वाचले, पण मदतीला आलेली टग बोट स्वतः किनाऱ्याला लागून फुटली आणि तिच्यावरचे दोघे गेले. त्याच्याही कितीतरी आधी, १४८६ मध्ये, दियोगो कांव हा पोर्तुगीज दर्यावर्दी याच किनाऱ्याने खाली उतरला आणि केप क्रॉसला दगडी क्रूस उभारून गेला. आफ्रिकेला वळसा घालून कालिकत आणि पुढे गोवा गाठणाऱ्या पोर्तुगीजांच्या वाटेवरचा हा एक टप्पा. गोव्याच्या आमच्या ग्राहकांना ही गोष्ट आम्ही मुद्दाम सांगतो.

एवढे पैसे कशाचे?

हा प्रश्न सगळे विचारतात आणि विचारायलाच हवा. उद्यानाच्या उत्तर भागात स्वतःची गाडी घेऊन जाता येत नाही. ठरावीक परवानाधारकच मोजके पाहुणे नेऊ शकतात, तेही बहुतेक छोट्या विमानाने. एका कॅम्पवर आठ-दहा तंबू. डिझेल, गॅस, कांदे-बटाटे, टॉयलेट पेपर, सगळं ट्रकने शेकडो किलोमीटर खडबडीत रस्त्याने येतं. वीज सौर, पाणी बोअरचं. शिवाय १९९६ च्या कायद्याने नामिबियात गावकऱ्यांना आपल्या भागातल्या वन्यजीवांवर हक्क मिळाला. त्यांच्या संस्थांना ‘कॉन्झर्व्हन्सी’ म्हणतात. सेसफाँटेन, पुरोस या भागांत पर्यटनाचा पैसा त्यांच्याकडे जातो आणि कॅम्पवरची बरीच माणसं तिथलीच असतात. जिथे सिंह शेळ्या-गुरं मारतो, तिथे सिंह जिवंत राहावा असं गावाला वाटायचं असेल तर गावाच्या हातात काही पडलं पाहिजे. म्हणून या खर्चाबद्दल आम्हाला संकोच वाटत नाही.

सामान: हे नीट वाचा

माणशी २० किलो, आणि त्यात हातातली पिशवी आणि कॅमेरासुद्धा आला. बॅग मऊ हवी, चाकं आणि कडक चौकट नसलेली, कारण छोट्या विमानाच्या पोटातल्या कप्प्यात ती दाबून बसवतात. आमच्याबरोबर आलेल्या एका काकूंची छान नवी कडक सूटकेस विंडहूकलाच, म्हणजे नामिबियाच्या राजधानीतच, ठेवावी लागली. काकूंनी तीन दिवस दोन कापडी पिशव्यांवर काढले. चूक आमची होती, फोनवर सांगितलं होतं पण लिहून दिलं नव्हतं. तेव्हापासून हे पत्रक आहे.

कपडे मातकट, खाकी रंगाचे. वाळवंट म्हणून सुती कपड्यांवर जाऊ नका. समुद्राजवळ भर दुपारी वारा झोंबतो, तर तिथून पन्नास किलोमीटर आत अंगाची लाही होते. स्वेटर, वाऱ्याचं जॅकेट, कानटोपी आणि गळ्याभोवती गुंडाळायला उपरणं किंवा स्टोल. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तिकडे तेव्हा थंडी सुरू होत असते.

जेवण

शाकाहारी जेवण छान मिळतं, पण आधी कळवलं तरच. ऐन वेळी ‘आज आमची चतुर्थी आहे’ म्हटलं तर आचारी काय करणार, दुकान दिवसभराच्या वाटेवर आहे. जैन जेवण, उपास, मधुमेह, सगळं आमच्या फॉर्मवर लिहा. ‘व्हेज’ एवढंच लिहू नका. अंडं चालतं का, मासळी चालते का, तेही लिहा. सोबत थोडा सीलबंद कोरडा खाऊ घ्यायला हरकत नाही, पण बाकरवडीचं वजनही त्या २० किलोतच.

कॅम्पवरचे नियम

कुंपण नाही. अंधार पडला की तंबूपासून जेवणाच्या जागेपर्यंतसुद्धा गाईडशिवाय जायचं नाही, वीस पावलं असली तरी. तपकिरी तरस, कोल्हे, कधी हत्ती आणि सिंह खरोखर येऊन जातात. किनाऱ्यावरचे काही सिंह अलीकडे सीलची शिकार करू लागले आहेत, पण ते दिसतीलच असा शब्द आम्ही कोणालाही देत नाही.

हाड, शिंपला, रंगीत गोटा, काही उचलायचं नाही. खडकाळ मैदानावर गाडीचा माग कित्येक दशकं राहतो, दगडावरचं दगडफूल एकदा चिरडलं की भरून यायला तितकाच काळ लागतो. म्हणून गाईडला ‘जरा तिकडून घ्या ना गाडी’ असा आग्रह करू नका. हिंबा या इथल्या पशुपालक लोकांच्या वस्तीवर गेलात तर आधी बसा, विचारपूस करा, फोटो परवानगी मिळाल्यावरच. सीलच्या वसाहतीजवळ नाकाला रुमाल लावा. सुक्या बोंबलाच्या सवयीचे लोकही तिथे मागे सरतात.

रात्री जेवणानंतर दहा मिनिटं दिवे मालवून बाहेर बसा. ध्रुव तारा तिथून दिसत नाही. आपल्याकडे क्षितिजाशी टेकलेला त्रिशंकू मे महिन्यात तिथे उंच असतो, आणि दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर उशिरा उगवणारं मृग नक्षत्र उलटं दिसतं. जमल्यास तारखा अमावस्येच्या आसपास धरू.

बाकी थोडं

मुंबईहून विंडहूकला थेट विमान नाही. आदिस अबाबामार्गे जाताना तिथला थांबा १२ तासांहून जास्त असेल तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला लागतो. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि दाखला १० दिवसांनी लागू होतो. मलेरियाच्या गोळ्यांबद्दल तुमच्या डॉक्टरांना पूर्ण मार्ग दाखवून विचारा. विमा घेताना विमानाने दवाखान्यात हलवण्याचा खर्च त्यात धरलेला हवा. कॅम्पवर मोबाईलला रेंज नसते, निरोपासाठी सॅटेलाइट फोन असतो. घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. दक्षिण आफ्रिकेचे रँड चालतात, नामिबियन डॉलरच्याच भावाने. भिंतीतलं सॉकेट आपल्या गीझरच्या जाड तीन पिनांचं असतं, तेव्हा घरातला तसा कन्व्हर्टर टाका.

जेवणाचा फॉर्म, पासपोर्टची प्रत आणि प्रत्येकाचं स्वतःचं वजन (छोट्या विमानाला लागतं, खरं लिहा) निघण्याच्या ४५ दिवस आधी आमच्याकडे द्या. बॅगेबद्दल शंका असेल तर ती घेऊन ऑफिसात या, आमच्याकडे वजनकाटा आहे.