भ्यूंडारच्या वाटा: फुलांच्या दरीतली पायवाट एकच का उरली?

उत्तराखंडातल्या भ्यूंडार खोऱ्यात घांघरिया या वस्तीच्या वर वाट दुभंगते. उजवीकडची हेमकुंड सरोवराकडे चढते, डावीकडची फुलांच्या दरीत शिरते. डावी धरून वनखात्याची चौकी ओलांडली की पुढे सगळ्यांना एकाच पायवाटेनं जायचं असतं आणि अंधार पडायच्या आत त्याच पायवाटेनं परतायचं असतं. दरीत मुक्काम नाही, तंबू नाही, खेचरं नाहीत. ऑगस्टमध्ये पुण्या-मुंबईहून जाणारे गट हे सगळं गृहीत धरूनच निघतात. दरी पहिल्यापासून अशीच होती असं वाटतं, पण तसं नाही. एक वाट उरली, कारण बाकीच्या बंद झाल्या. त्या बंद होण्यामागे जो निर्णय आहे, त्याबद्दल अजून एकमत झालेलं नाही.

सुरुवात बहुतेक लेखांत १९३१ पासून होते. त्या वर्षी कामेट शिखर सर करून परतणारे ब्रिटिश गिर्यारोहक भ्यूंडार खाल ही खिंड ओलांडून या दरीत उतरले. त्यांच्यापैकी एक जण १९३७ मध्ये पुन्हा आला, महिनोन्‌महिने राहिला, बियाणं गोळा केलं, आणि पुढच्या वर्षी निघालेल्या त्याच्या पुस्तकामुळे दरीला ‘व्हॅली ऑफ फ्लॉवर्स’ हे आजचं इंग्रजी नाव मिळालं. १९३९ मध्ये फुलांच्या अभ्यासासाठी आलेली एक इंग्रज बाई कड्यावरून घसरून इथंच गेली. तिची समाधी दरीत आहे. साधी शिळा, जन्म-मृत्यूच्या तारखा आणि डोंगरांकडे डोळे लावण्याबद्दलची बायबलमधली ओळ. एका दिवसात जाऊन येणारे बरेच जण इथवर येतात, थोडा वेळ बसतात आणि मागे फिरतात.

या हकिकतीतला ‘शोध’ हा शब्द मात्र मला खटकतो. ज्या खिंडीतून ते गिर्यारोहक आले तिला आधीपासून नाव होतं. गढवालीत ‘खाल’ म्हणजे खिंड. नाव असलेल्या खिंडीला कोणीतरी ये-जा करणारं असणारच. नीती खोऱ्यातल्या गमसालीकडून भ्यूंडारकडे येणारी ही वाट मेंढपाळांची होती. ‘बुग्याल’ हा शब्दही असाच. आपण त्याचा अर्थ ‘उंचावरचं हिरवं कुरण’ असा घेतो आणि डोळ्यांपुढे फोटो आणतो. पण कुरण म्हणजे चरायची जागा. दरीला ‘फुलांची दरी’ म्हटलं की ती बघायची जागा होते आणि ‘भ्यूंडारचं बुग्याल’ म्हटलं की ती कुणाची तरी होते. पुढचे सगळे तंटे या दोन नावांमधल्या अंतरात आहेत.

हेमकुंडाची वाट वेगळ्या कारणानं घडली. लोकपाल या नावानं स्थानिकांना आधीपासून ठाऊक असलेलं ते सरोवर १९३०च्या दशकात शीख भाविकांनी आपल्या ग्रंथातल्या वर्णनाशी जुळवून ओळखलं. १९३६ च्या सुमारास तिथं छोटा गुरुद्वारा उभा राहिला. पुढे यात्रा वाढली आणि पायथ्याच्या गोविंदघाटपासून दगडी फरसबंदीची रुंद वाट झाली. आज ट्रेकर ज्या सोयींवर विसंबतात, ती घांघरियाची हॉटेलं, लंगर, खेचरं, हे सगळं यात्रेमुळे आहे. फुलांच्या दरीला त्याचा आयता लाभ झाला.

१९६२ नंतर तिबेटशी चालणारा व्यापार थांबला आणि या सरहद्दीच्या पट्ट्यातल्या लोकांच्या हातातून पिढ्यान्‌पिढ्यांचा एक धंदा गेला. मेंढ्या मात्र होत्या. पुलना आणि भ्यूंडार ही दोन गावं, पण माणसं तीच. थंडीत खाली पुलन्याला, उन्हाळ्यात वर भ्यूंडारला आणि बर्फ वितळत जाईल तसे कळप त्याच्याही वर, दरीत. बाहेरच्या मेंढपाळांचे कळपही येत. त्यांच्या मुक्कामाच्या जागा ठरलेल्या होत्या आणि त्या जागांना जोडणाऱ्या वाटा दरीच्या दोन्ही अंगांनी होत्या.

१९८२ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाली, क्षेत्र ८७.५ चौरस किलोमीटर. चराई बंद, जडीबुटी गोळा करणं बंद, आत राहणं बंद. त्याच सुमारास शेजारचं नंदादेवीचं खोरंही गिर्यारोहकांसाठी बंद झालं. कारण बिनबुडाचं नव्हतं. हजारो खुरांखाली दुर्मीळ वनस्पती तुडवल्या जात होत्या. सालमपंजा, कुटकी, अतीस यांची मुळं उपटून विकली जात होती. पर्यटक तंबू ठोकून राहत आणि कचरा टाकून जात. काहीतरी करणं भागच होतं. पण या तिन्ही गोष्टींना एकच कुलूप लावलं गेलं आणि त्यात सर्वांत जास्त गमावलं ते ज्यांचं जगणंच तिथं होतं त्यांनी. पर्यटकाला दिवसा आत जाता येतं, मेंढपाळाला तेवढंही नाही. माझ्या मते या दरीचा इतिहास सांगताना इथंच सर्वांत जास्त थांबायला हवं.

बंदीनंतर काही वर्षांतच एक गोष्ट डोळ्यांत भरू लागली. अमेला ही झुडपासारखी वाढणारी, पांढरट फुलांच्या गुच्छांची वनस्पती दरीत पसरत चालली. जमिनीखालच्या मुळांवाटे तिला नवे कोंब फुटतात, पुरुषभर उंच होते, आणि तिच्या दाट पानांखाली उन्हाची तिरीपही पोचत नाही. पोटरीएवढी वाढणारी फुलझाडं तिच्याखाली तग धरत नाहीत. मग वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं असं की मेंढ्या अमेल्याचे कोवळे कोंब खात, तुडवत, म्हणून ती आटोक्यात होती. चराई थांबवली आणि फुलांवरच पाणी सोडलं. दुसऱ्या बाजूचे अभ्यासक सांगतात की अमेला परकी नाही, हिमालयातलीच आहे. ती दरडी आणि हिमप्रपातांनी विस्कटलेल्या जमिनीवर, आणि नेमकी जुन्या मेंढवाड्यांच्या जागी जोमानं वाढते. तिथं वर्षानुवर्षं लेंड्यांचं खत पडून माती सुपीक झालेली असते. म्हणजे चराईनंच तिच्यासाठी जागा तयार करून ठेवली होती, बंदीचा यात दोष नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि दुसरी बाजू कागदावर अधिक भक्कम आहे हे मान्य. तरी एक प्रश्न उरतोच. बंदी घालण्याआधी दरीचा एखादा भाग मोजक्या कळपांसाठी खुला ठेवून तुलना का केली गेली नाही? तसं झालं असतं तर आज अंदाज बांधत बसावं लागलं नसतं. कास पठाराच्या कुंपणाचा वाद ज्यांना आठवतो त्यांना हे ओळखीचं वाटेल. तिथंही गुरं थांबली, गवत माजलं, फुलं कमी झाल्याची ओरड झाली आणि गोष्ट कुंपण काढण्यापर्यंत गेली. फरक एवढाच की कासला कुंपण डोळ्यांना दिसत होतं. भ्यूंडारला ते कायद्यात आहे.

आता अमेला माणसं उपटतात. कोंब जोर धरू लागले की मजूर ओळीनं दरीत शिरतात आणि मुळांसकट खेचून काढतात. मुळाचा तुकडा मातीत राहिला की तो पुन्हा फुटतो, म्हणून पुन्हा यावं लागतं. जिथं ती साफ होते तिथं पुढच्या मोसमात आपल्या तेरड्याच्या कुळातल्या गुलाबी फुलांचे ताटवे दिसू लागतात.

२००५ मध्ये दरीचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला आणि पर्यटक वाढले. दरम्यान स्थानिकांनी समिती करून वाटेवरचा कचरा गोळा करण्याचं काम अंगावर घेतलं होतं. ज्यांना दरीबाहेर काढलं, त्यांच्याच गावची माणसं आता दरीची वाट झाडतात. खेचरं, दुकानं, वाटाडेपण यांतून पैसा येतो हे खरं. हे नुकसानभरपाई म्हणून पुरेसं आहे की नाही, ते त्यांनी सांगायचं.

मग जून २०१३ आला. १६ आणि १७ तारखेच्या पावसात नदी फुगली. भ्यूंडार गावातली बरीच घरं वाहून गेली, गोविंदघाटला उभ्या गाड्या पाण्यात गेल्या, पूल तुटले आणि वर अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. वाट ठिकठिकाणी नव्यानं बांधावी लागली. पुढे पुलन्यापर्यंत गाडीरस्ता झाला. गोविंदघाट ते घांघरिया ही तेरा-चौदा किलोमीटरची जुनी चाल त्यामुळे चारेक किलोमीटरनं कमी झाली. पायथ्याचा पहिला टप्पा आता जीपमधून जातो.

२०१५ मध्ये एक उलटी गोष्टही घडली. कुंठ खाल ओलांडून हनुमानचट्टीला उतरणारी जुनी वाट कित्येक दशकांनी पुन्हा खुली झाली. ती अवघड आहे आणि वाटाड्याशिवाय जाण्यासारखी नाही.

मार्च २०२५ मध्ये गोविंदघाट ते हेमकुंड या १२.४ किलोमीटरच्या रोपवेला केंद्रानं मंजुरी दिली, खर्च २,७३० कोटींच्या घरात. त्याच महिन्यात गोविंदघाटचा पूल दरड कोसळून पुन्हा तुटला. रोपवेमुळे म्हाताऱ्या भाविकांचे हाल वाचतील यात शंका नाही. पण भुईवरच्या वाटेवर चहा, मॅगी आणि खेचरांवर जगणाऱ्यांचं काय, याचं उत्तर मंजुरीच्या बातम्यांत ठळकपणे कुठं आलं नाही.

भ्यूंडार खाल ओलांडणारी मेंढपाळांची वाट नकाशावर अजून आहे. कळपामागे ती चाललेला पोर १९८२ साली दहा वर्षांचा होता असं धरलं, तरी आज त्यानं पन्नाशी ओलांडली आहे.