तृप्ती मित्र

तृप्ती मित्र (२५ ऑक्टोबर १९२५ – २४ मे १९८९) या बंगाली रंगभूमीवरच्या फार मोठ्या अभिनेत्री. सिनेमेही केले, पण खरं काम स्टेजवरचं. माहेरचं आडनाव भादुडी, जन्म दिनाजपूर भागातला, जो आता बांगलादेशात आहे. बऱ्याच ठिकाणी त्यांची ओळख 'नट-दिग्दर्शक शंभू मित्र यांच्या पत्नी' एवढ्यावरच उरकलेली दिसते आणि ते अजिबात बरोबर नाही, कारण 'बहुरूपी' या कलकत्त्याच्या नाट्यगटाच्या ज्या भूमिका लोक अजून आठवतात त्यातल्या कितीतरी यांच्याच आहेत.

शिकायला कलकत्त्याला आल्या आणि १९४३ चा दुष्काळ पडला. खेड्यातली माणसं शहरात येऊन भाताची पेज तरी द्या म्हणत दारोदार फिरत होती, रस्त्यात मरत होती. त्याच काळात इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यचळवळीतल्या मुलांमध्ये त्या सामील झाल्या आणि नातेवाईक असलेल्या बिजन भट्टाचार्य यांच्या 'आगुन' नाटकात पहिल्यांदा उभ्या राहिल्या. मग १९४४ ला 'नवान्न' आलं, दुष्काळावरचंच, आणि बंगाली नाटकाची दिशाच बदलली. ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'धरती के लाल' (१९४६) काढला त्यातही त्या आहेत. १९४५ मध्ये शंभू मित्र यांच्याशी लग्न झालं, १९४८ मध्ये 'बहुरूपी' ग्रुप सुरू झाला.

पुढची वीसेक वर्षं म्हणजे खरी तृप्ती मित्र. तुलसी लाहिडींच्या 'छेंडा तार' मध्ये (१९५०) त्या फुलजान, दुष्काळात बायकोला निदान अन्नछत्रात तरी खायला मिळावं म्हणून नवरा तिला तलाक देतो, ती बायको. नाटक उत्तर बंगालच्या बोलीत आहे आणि त्या मुळात तिकडच्याच.

१९५४ मध्ये 'रक्तकरबी'. रवींद्रनाथांचं हे नाटक वाचायला छान पण स्टेजवर उभं राहणार नाही असंच लोक धरून चालले होते, सगळं रूपक, राजा जाळीच्या पडद्याआड, खाणीत राबणारी माणसं. शंभू मित्रांचं दिग्दर्शन, खालेद चौधुरींचं नेपथ्य, तापस सेन यांचा प्रकाश हे सगळं होतंच, पण यक्षपुरीत, म्हणजे त्या अंधाऱ्या खाणीच्या नगरीत, बिनधास्त फिरणारी, राजालाही न घाबरणारी नंदिनी जर खोटी वाटली असती तर बाकीचं सगळं कोसळलं असतं. त्यांनी तिला हाडामांसाची मुलगी केलं. मला विचाराल तर हेच त्यांचं सगळ्यात मोठं काम. त्यानंतर इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकातल्या नोरावरून घेतलेल्या 'पुतुल खेला' मधली बुलू, मग रवींद्रनाथांच्याच 'राजा' नाटकातली सुदर्शना. १९७१ मध्ये 'अपराजिता', ज्यात स्टेजवर त्या एकट्याच, सगळी पात्रं त्यांनीच उभी केली. दिग्दर्शनही करायच्या, 'डाकघर' त्यांनीच बसवलं होतं.

मराठी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' बहुरूपीनं बंगालीत 'चोप, आदालत चोलछे' नावानं केलं आणि त्यात नाटकाची नायिका बेणारे बाई तृप्ती मित्र यांनी केली. आपल्याकडे बेणारे म्हटलं की सुलभा देशपांडेच डोळ्यासमोर येतात, पण कलकत्त्याच्या प्रेक्षकांसाठी ती बाई वेगळ्याच चेहऱ्याची होती.

सिनेमे कमीच केले. राज कपूरबरोबर 'गोपीनाथ' (१९४८), नंतर देवकी बोस यांचा 'पथिक'. आज सहज बघायला मिळेल अशी भूमिका दिग्दर्शक ऋत्विक घटकच्या 'जुक्ती तक्को आर गप्पो' मधली, दारुड्या नीलकंठची बायको दुर्गा. नीलकंठ स्वतः घटकनंच केलाय. वैतागून घर सोडणारी ही बाई त्यांनी जराही आरडाओरडा न करता केलीय.

१९६२ ला संगीत नाटक अकादमी पुरस्कार, १९७१ ला पद्मश्री. पुढं बहुरूपी सुटलं तरी काम थांबलं नाही, 'आरब्ध नाट्य विद्यालय' काढून नव्या मुलामुलींना शिकवलं. मुलगी शाँवली मित्र हिनं 'नाथवती अनाथवत्' मध्ये एकटीनं द्रौपदी उभी केली आणि बंगालीत स्वतःचं नाव केलं.